सातवीतल्या पोराला स्काउटच्या शिबिराला पाठवू काय? चार रात्री घराबाहेर

अनगोळची आई

नमस्कार. आम्ही बेळगावात राहतो. माझा मुलगा सातवीत आहे, मराठी माध्यमाला. जूनपासून शाळेच्या स्काउटमध्ये जातो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दीड तास थांबतो आणि घरी येऊन खिडकीच्या गजाला, झोपाळ्याच्या कडीला, माझ्या ओढणीला गाठी मारत बसतो. रोज सकाळी स्कार्फच्या टोकालाही एक गाठ मारतो. दिवसभरात कुणाचं तरी एक काम केलं की ती सोडायची, असा नियम आहे म्हणे. परवा रात्री साडेनऊला त्याला आठवलं की गाठ तशीच आहे. गेला शेजारच्या आजींकडं, झोपलेल्या बाईला उठवलं आणि विचारलं, "आजी, तुमचं काही काम आहे काय?" त्यांनी सांगितलेलं काम इथं लिहीत नाही.

आता डिसेंबरात जांबोटीच्या बाजूला शिबिर आहे. चार रात्री, तंबूत. तृतीय सोपान म्हणजे स्काउटची तिसरी पायरी, तिची तयारी म्हणून नेणार आहेत. संमतीपत्र आठ दिवस फ्रिजवर पडून आहे. माझे मिस्टर उद्यमबागेत लेथवर आहेत, ते म्हणतात "पाठव की, त्यात काय?" सासूबाई म्हणतात तिकडं अस्वलं आहेत. माझं माहेर मिरजेकडचं, मला त्या जंगलाची काही कल्पना नाही.

पण माझी खरी काळजी अस्वलांची नाही. याला घरी स्वतःचं ताट उचलायची सवय नाही. आणि कन्नड जेमतेम. शिबिराला सगळ्या शाळांची मुलं येणार. मागं एकदा परेडमध्ये हुकूम कळला नाही म्हणून हा एकटाच उलटा वळला, मुलं आठवडाभर हसत होती. तिथं चार दिवस असंच झालं तर? आणि बिल्ले सोडून यातून नेमकं मिळतं काय? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, प्लीज.

निपाणीची गाइड

ताई, मी गाइड होते, म्हणून माझं मत एकतर्फी आहे हे आधीच सांगते.

मला आठवते ती 'खरी कमाई'. आमच्या बाईंनी सांगितलं, घरून पैसे मागायचे नाहीत, कष्ट करून मिळवायचे आणि ते पथकाच्या खात्यात भरायचे. आम्ही पाच जणींनी भडंग करून आठवडी बाजारात विकायचं ठरवलं. सगळं खपलं. हातात एकशे दहा रुपये आले, आम्ही नाचत बाईंकडं. बाईंनी विचारलं, चुरमुरे कितीचे? तेल कितीचं? शेंगदाणे? आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागलो, कारण सगळं आईच्या डब्यातलं. हिशोब मांडला तर कमाई निघाली चौदा रुपये. बाई म्हणाल्या, मग चौदाच भरा, बाकीचे आईला परत द्या. माझ्या आईनं ते घेतले नाहीत तो भाग वेगळा, पण चौदा रुपये लिहिलेली ती वही माझ्याकडं अजून आहे. आता माझं छोटं दुकान आहे. बाजूच्या दुकानदारानं कधी "आज पाच हजारांचा धंदा झाला" म्हटलं की माझ्या तोंडात पहिला प्रश्न येतो, चुरमुरे कितीचे?

पाठवा हो. ताट उचलायला शिकेल.

दुसरं रेल्वे गेट

सगळे गोडगोड लिहिणार म्हणून एक कडू लिहितो.

मी ज्या शाळेत होतो तिथं स्काउट म्हणजे जूनमध्ये फीबरोबर वेगळे पैसे, पंधरा ऑगस्टला परेड आणि पाहुण्यांना पाणी द्यायला आम्ही. तीन वर्षांत एकदाही दोरी हातात धरली नाही. वही मात्र पूर्ण होती, कारण सरांनी फळ्यावर लिहून दिलेलं आम्ही उतरवून घेतलं. 'चूल कशी पेटवावी' यावर माझा एक पानभर निबंध आहे, चित्रासहित. त्यावर बरोबरची खूणही आहे. चूल आयुष्यात पेटवलेली नाही.

म्हणून वहिनी, स्काउट चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही. तुमच्या शाळेतलं कुठल्या जातीचं आहे ते बघा. पोरगं गाठी मारतंय म्हणजे तिथं कुणीतरी शिकवतंय, एवढं तरी दिसतंय. आमच्यापेक्षा बरं आहे.

वडगावचा माग

आक्का, आधी ते उलटं वळण्याचं मिटवूया. मी पण वळलोय. 'बलक्के तिरुगु' म्हणजे उजवीकडं आणि 'एडक्के' म्हणजे डावीकडं, हे माझ्या डोक्यात महिनाभर बसलं नव्हतं. शेवटी आमच्यातल्याच एकानं युक्ती काढली, 'येडा तो डावा'. त्यानंतर आजपर्यंत चुकलो नाही. पोराला सांगा.

आता जरा लांबड लावतो, रात्रपाळी आहे आणि झोप नाही.

आमचं घर वडगावात, घरात दोन पॉवरलूम. बाबा मागावर, आई कांड्या भरायला, मी शाळेतनं आलो की पडेल ते काम. स्काउटमध्ये गेलो ते खरं तर संध्याकाळचा एक तास मागाच्या खडखडाटातनं सुटका म्हणून. तिथं शीट बेंड नावाची गाठ शिकलो. एक दोरी जाड, दुसरी बारीक असली तरी जोडता येते, साधी गाठ तिथं निसटते. लई मोठं शास्त्र शिकून आलो म्हणून घरी बाबांना दाखवायला गेलो. त्याच वेळी ताण्याचा दोरा तुटला होता. बाबांनी दोन टोकं बोटात धरली, अंगठ्यावरनं काय फिरवलं कळलं नाही, टोकं दातानं तोडली आणि माग सुरू. माझ्याकडं बघितलं पण नाही. मी खाली वाकून तुटलेली जागा बघितली. तीच गाठ. विणकराची गाठ आणि शीट बेंड ही घडणीनं एकच, बांधायची रीत तेवढी वेगळी. ज्यासाठी मला बिल्ला मिळणार होता ती गाठ बाबा दिवसाला शंभर वेळा मारत होते. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसून ती त्यांच्या पद्धतीनं शिकलो. तोपर्यंत मागावर काही शिकायचं असतं असं मला वाटलंच नव्हतं, ते नुसतं काम होतं.

शिबिराचं सांगतो. 1993 चा डिसेंबर, जागा तीच, जांबोटीच्या अलीकडं. आमच्या पट्रोलमध्ये, म्हणजे तुकडीत, सात पोरं आणि मी लीडर, कारण उंच होतो, दुसरं काही कारण नाही. पहिल्या संध्याकाळी तंबू ताठ बांधला. इतका ताठ की सर बघून गालात हसले आणि गेले. तिकडं रात्री दहिवर पडतं ते पाऊस पडल्यासारखं. तागाची दोरी भिजली की आखडते, म्हणून झोपायच्या आधी तंबूचे ताण थोडे सैल करायचे असतात. मी विणकराचं पोर, पावसाळ्यात सूत कसं वागतं ते घरात रोज बघत होतो, तरी डोक्यात आलं नाही. रात्री तीनला मेखा उपसून निघाल्या आणि ओलं कापड आठ जणांच्या अंगावर. अंधारात प्रत्येकाला वाटलं अस्वल आलं. एकानं दुसऱ्याला बुक्की पण मारली.

पण ते काही नाही. खरं झालं ते दुसऱ्या दिवशी.

सरांनी तांदूळ, डाळ, बटाटे, तेल मोजून दिलं आणि दोन काड्या. चूल दोनच काड्यांत पेटवायची. स्वतः पन्नासेक पावलांवर एका झाडाखाली जाऊन बसले. लाकडं सगळी दहिवरानं ओली. पहिली काडी वाऱ्यानं गेली. दुसरी माझ्या घाईनं, कारण बारीक काटक्या गोळा करायच्या आधीच ओढली. पोरं म्हणत होती, "थांब की रे, आधी सालपटं काढूया." मी लीडर ना, कसला थांबतोय. बारा वाजले, एक वाजला. सर तिथनं सगळं बघत होते, पण उठले नाहीत. मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू.

आमच्या शेजारी कन्नड शाळेचं पट्रोल. हुक्केरीकडची पोरं असावीत. त्यांचा भात होऊन वाढायला सुरुवात झालेली. त्यातला एक येऊन मला विचारतो, "ऊटा आतेनु?" जेवण झालं काय? मला कन्नड तेवढं येत होतं. मी काय सांगावं? "आतु." झालं म्हणून. मागं चूल थंड, डेचक्यात कच्चे तांदूळ, आणि मी छाती काढून "आतु" म्हणतोय. तो मान हलवून परत फिरला. तेवढ्यात आमच्यातलं सगळ्यात बारकं पोरगं, त्याला कन्नड माझ्यापेक्षा कमी, ते मागनं ओरडलं, "आगिल्ल! आगिल्ल!" नाही झालं.

तो पोरगा थांबला, आमच्या चुलीकडं बघितलं आणि काही न बोलता गेला. दोन मिनिटांत पत्र्याच्या झाकणात निखारे घेऊन आला. म्हणाला, "केंडा." तो शब्द मला त्या दिवशी कळला. जेवण दिलं नाही हां, निखारे दिले. काड्या दोनच असा नियम होता, निखाऱ्याबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं. मग वाळकी फांदी फोडून आतलं कोरडं लाकूड कसं काढायचं ते त्यानंच हातानं दाखवलं. तीन वाजता जेवलो. भात खाली करपलेला, वर टचटचीत. बारकं पोरगं तीनदा मागून जेवलं.

रात्री शेकोटीनंतर लीडरांची बैठक असते, कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात. मला वाटलं सर चुलीबद्दल झाडणार. त्यांनी काड्यांचं नाव काढलं नाही. एवढंच विचारलं, "दुपारी 'आतु' कोण म्हणालं?" पन्नास पावलांवर त्यांना ऐकू गेलं होतं. मी हात वर केला. ते म्हणाले, "तू एकटा उपाशी असतास तर मी काही बोललो नसतो." आणि पुढच्या पट्रोलचा विषय काढला.

स्काउटचा पहिला नियम विश्वासाचा, तो मला तोंडपाठ होता. नऊच्या नऊ होते, परीक्षेत घडाघडा म्हटलेले.

आता आक्का तुमच्या प्रश्नाचं. पोराला काय मिळेल ते मी कसं सांगू, ते त्याचं पट्रोल आणि त्याचे सर यांच्यावर आहे. पण चार दिवस आठ पोरं आपापली चूल पेटवतात, चुकतात, आणि मोठं माणूस पन्नास पावलांवर असून मध्ये पडत नाही, असं दुसरं कुठं होतं? घरात होत नाही, शाळेत होत नाही, ट्यूशनला तर सोडाच. माझी मुलगी आता गाइडमध्ये आहे. गेल्या महिन्यात अंगणात चूल पेटवायचा सराव करत होती. मी पायरीवर बसलो होतो. पाचव्या मिनिटाला उठून फुंकणी घेतली तिच्या हातातनं. त्या सरांना दीड तास कसं जमलं असेल कोण जाणे.

निवृत्त गुरुजी, खानापूर

वरील पत्र वाचून बरे वाटले. मी चोवीस वर्षे स्काउटमास्तर होतो, म्हणून थोडी भर घालतो.

पट्रोल पद्धत ही या चळवळीत मागाहून आलेली नाही. चळवळीचे संस्थापक बेडन पॉवेल यांनी 1907 साली ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर घेतले, तेव्हाच मुलांच्या लहान तुकड्या करून प्रत्येकीवर मुलांपैकीच एक नायक नेमला होता. त्यात बड्या घरची मुले होती आणि कामगारांचीही. आपल्याकडे मात्र उलटे घडले. 1909 मध्ये बंगळुरात पहिले पथक निघाले ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना दार बंद. मग आपल्या लोकांनी स्वतःच्या संघटना काढल्या. पुढे 7 नोव्हेंबर 1950 रोजी त्या एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स झाली, 1951 च्या ऑगस्टमध्ये गाइड त्यात आल्या.

बेळगावकरांना यानिमित्ताने एक आठवण करून द्यावीशी वाटते. 1924 च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवादलाचे स्वयंसेवक तिथे राबत होते. ती स्काउटिंगची शाखा नव्हे, पण गणवेशातल्या मुलांनी पाणी, सफाई आणि गर्दी सांभाळण्याची शिस्त या मातीला जुनी आहे. 'दुसरं रेल्वे गेट' यांनी पाहुण्यांना पाणी देण्याची चेष्टा केली ती मला मान्य आहे. फक्त पाणीच देत असतील तर चेष्टाच व्हावी.

आता वहिनींसाठी कामाचे. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी शाळेत जाऊन स्काउटमास्तरांना भेटा. त्यांचा बेसिक कोर्स झाला आहे का, बरोबर किती मोठी माणसे आहेत, प्रथमोपचाराची पेटी कुणाकडे असते, रात्री आजारी पडल्यास गाडी कुठली, हे सरळ विचारा. चांगला स्काउटमास्तर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट खूश होतो. सर्वांत महत्त्वाचे पाण्याचे. नदीत वा बंधाऱ्यात उतरू देणार का, हे विचाराच. मला चोवीस वर्षांत अस्वलाची भीती कधी वाटली नाही. रात्री मुले एवढा गलका करतात की कुठलेही शहाणे जनावर जवळ येणार नाही. भीती वाटे ती दुपारी तीनच्या सुमारास, जेवणे झाल्यावर, दोन मुले गणतीत कमी भरली की. ती नदीवरच सापडत.

यजमानांना नोकरीचे सांगायचे असेल तर, तृतीय सोपानानंतर राज्य पुरस्कार आणि त्यापुढे राष्ट्रपती पुरस्कार. रेल्वे भरतीत स्काउट-गाइडांसाठी कोटा असतो, त्यात राष्ट्रपती पुरस्कार धरला जातो. जागा अगदी मोजक्या असतात. त्यासाठी म्हणून मुलाला घालू नका. झाले तर झाले.

दुसरं रेल्वे गेट

गुरुजी, आमच्याकडं गणतीत मुलं कमी भरली तर ती कँटीनमध्ये सापडायची. बाकी मान्य.

वडगावच्या आण्णा, ते निखारे देणारं पोरगं पुढं कधी भेटलं काय?

वडगावचा माग

नाही. नाव विचारायचं राहिलं. तेव्हा एवढं सुचलं नाही.

अनगोळची आई

सगळ्यांचे आभार. काल शाळेत जाऊन सरांना भेटले. गुरुजींनी सांगितलेले सगळे प्रश्न विचारले, सरांनी खरंच राग मानला नाही. नदीत उतरायचं नाही, असं मुलांकडून लेखी घेतलंय म्हणाले. सही केली. सासूबाईंना गलक्याचं सांगितलं, त्या म्हणाल्या मग आपल्या घरातही अस्वल यायची भीती नाही.

काल संध्याकाळपासून ताट उचलायला लावलंय. पहिल्या दिवशी सिंकपर्यंत नेलं आणि तिथं ठेवून ओरडला, "झालं!" मी म्हटलं, 'आगिल्ल'. त्याला काही कळलं नाही, मी हसत सुटले.

एक विचारायचं होतं. थंडीला रग पुरेल की रजाई देऊ? आणि चार दिवसांचं खायला काय बांधून देऊ? त्याला चकली आवडते.

वडगावचा माग

रजाई नको, भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि पाठीवर वाहून त्यालाच न्यायची आहे. एक रग, एक चादर, खाली टाकायला प्लॅस्टिक. आणि जुने पेपर द्या चार-पाच, प्लॅस्टिक आणि चादरीच्या मध्ये घालायला. जमिनीतनं येणारी थंडी वरच्या थंडीपेक्षा वाईट असते. कानटोपी घालणार नाही म्हणेल, तरी पिशवीत तळाशी टाका, दुसऱ्या रात्री आपणहून काढेल. बूट रात्री तंबूच्या आत, आणि सकाळी उलटे झटकून मगच घालायचे, विंचू असतात.

चकली देताय तर आठ जणांची द्या. नाहीतर देऊच नका.